गळती, गल्ला आणि गोटी सोडा

मागच्या शनिवारी बाबांना घेऊन मॉलमध्ये गेलो होतो. खरेदी फार नव्हतीच. तूरडाळ, साबण, बिस्किटं आणि बाबांनी अचानक उचललेला थंड पेयाचा एक कॅन. काउंटरवर आमची पाळी आली. तिथल्या मुलीने भराभर सगळं स्कॅन केलं आणि मान वर न करता विचारलं,

"काका, मोबाईल नंबर?"

"कशाला?"

"बिलाला लागतो."

"बिल इथेच हातात देणार ना तू? मग नंबर कशाला? रोख देतोय बाई, उधारी नाही मागत."

मागे रांग चुळबुळायला लागली. मी पटकन माझा नंबर सांगून टाकला आणि बाबांना बाहेर काढलं. बाहेरच्या बाकावर बसल्यावर बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं दुकान चालवलं मी. रोखीच्या गिऱ्हाइकाला नाव-गाव कधी विचारलं नाही. ते विचारायचं उधारीवाल्याला."

मी काहीच बोललो नाही. कारण मंडळी, तो नंबर विचारणारा खरा माणूस म्हणजे ती मुलगी नव्हेच. तो मीच आहे. गेली काही वर्षं मी ज्या प्रोजेक्टवर आहे तिथे आम्ही हेच करतो. कुठल्या गिऱ्हाइकाने काय घेतलं, कधी घेतलं, पुन्हा कधी येईल, आला नाही तर का नाही. क्लायंट परदेशातला आहे, नाव सांगण्यात अर्थ नाही. बाबांना मी इतकंच सांगितलंय की "दुकानांसाठी सॉफ्टवेअर करतो". त्यांना वाटतं बिलिंगचं असेल.

एवढ्यात बाबांनी कॅनची कडी ओढली. फस्स्स! एक घोट घेऊन म्हणाले, "ठीक आहे. पण आपल्या फलटणच्या गोटी सोड्याची मजा नाही."

आणि मला एकदम डेटन आठवलं.

* * *

आता हे डेटन कुठून आलं मध्येच? सांगतो.

२००६ साली मी ओहायोत कोलंबसला ऑनसाइट होतो. वीकएंडला करायला काही नसायचं. एका शनिवारी तिघे मित्र भाड्याची गाडी काढून डेटनला गेलो. निमित्त राइट बंधूंचं. डेटन हे त्यांचं गाव. तिथल्या कॅरिलन पार्कमध्ये त्यांचं १९०५ चं विमान जपून ठेवलंय. ते पाहिलं, फोटो काढले आणि मग त्याच बागेत जुन्या कॅश रजिस्टरांपाशी पोचलो. पितळेची, नक्षीकाम केलेली, देवघरात शोभतील अशी यंत्रं! मित्र कंटाळून बाहेर गेले. मी मात्र तिथेच रेंगाळलो. किराणा दुकानदाराचा मुलगा शेवटी. गल्ला म्हटलं की पाय थबकतातच.

त्या दिवसापासून डेटनचं वेड लागलं. जसजसं वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की बाबांच्या हातातला कॅन उघडणारी कडी, जड पाण्याला मऊ करणारी चुन्याची प्रक्रिया आणि "मोबाईल नंबर?" विचारणाऱ्या यंत्राचा खापरपणजोबा, या तिन्ही गोष्टी या एका मध्यम आकाराच्या गावात भेटतात. तिन्हींच्या मुळाशी प्रश्नही एकाच जातीचा आहे. गळतीचा. एका ठिकाणी गॅस गळतो, एका ठिकाणी पाण्यातले क्षार निसटून नको तिथे बसतात आणि एका ठिकाणी पैसे.

पहिली गळती गॅसची.

* * *

१७६७ च्या सुमारास जोसेफ प्रिस्टली हा इंग्रज धर्मोपदेशक लीड्समध्ये बियरच्या कारखान्याशेजारी राहायचा. आंबवणीच्या पिंपांवर जो वायू साचतो त्यात त्याने पाण्याचं भांडं टांगून पाहिलं. पाण्याला चटकदार, झिणझिण्या आणणारी चव आली. १७७२ मध्ये त्याने ही कृती छापून जगाला फुकट दिली (ओपन सोर्सच म्हणा ना!). पैसे मात्र कमावले जिनिव्हाच्या श्वेप याने. त्याने १७८३ मध्ये सोड्याचा धंदा थाटला.

सोडा करणं जमलं, पण टिकवणं जमेना. बाटलीला लाकडाचं बूच. ते वाळलं की आकसतं आणि गॅस पसार. उपाय सोपा होता, बाटली आडवी ठेवायची म्हणजे बूच ओलं राहतं. पण दुकानदार ऐकतात थोडेच? तेव्हा विल्यम हॅमिल्टन नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुडाशी निमुळती, अंड्यासारखी बाटली वापरात आणली. ती उभी राहूच शकत नाही! युजर चुकीचं वागणार हे धरून चाला आणि चुकीचं वागणं अशक्यच करून ठेवा. आमच्या धंद्यात आजही हेच शिकवतात.

मग आला हायरम कॉड. इंग्लंडचा इंजिनियर. १८७२ मध्ये त्याने जी बाटली केली तिला आपण महाराष्ट्रात गोटी सोडा म्हणतो आणि दिल्लीत बंटा म्हणतात. मानेत एक काचेची गोटी, तोंडाशी रबराची चकती. बाटली उलटी धरून भरायची. आतला गॅस गोटीला वर ढकलतो, गोटी रबराला घट्ट बसते आणि झालं सील. जितका गॅस जास्त, तितकी गोटी घट्ट. ज्याला पळून जायचंय त्यालाच दारावर पहारेकरी बसवलं! इतकी सुंदर युक्ती मी फार कमी पाहिली आहे.

फलटणला एस.टी. स्टँडसमोर गाडीवाला लाकडी ठोकळ्याने गोटी आत ढकलायचा. टॉक्क आवाज आला की आम्ही पोरं खूश. गोटी मिळावी म्हणून बाटली फोडायचा मोह आम्हाला फार व्हायचा. पुढे वाचलं तर इंग्लंडातली पोरंही तेच करत होती, म्हणून तिथे जुन्या कॉड बाटल्या अख्ख्या मिळणं मुश्कील. जगभर पोरं सारखीच.

कॉड जन्मला १८३८ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेत मेरीलँडमध्ये विल्यम पेंटर जन्मला, आणि त्यानेच पुढे गोटीला बाजारातून घालवलं. १८९२ मध्ये त्याने पत्र्याच्या दातेरी बुचाचं पेटंट घेतलं. आत बुचाच्या लाकडाची पातळ चकती, कडेला २४ दाते (आज २१ असतात). बूच एकदा काढलं की फेकून द्यायचं. बाटली परत घ्यावी लागते, बूच नाही. म्हणजे दर बाटलीमागे एक नवं बूच विकलं जाणार, कायमचं. पेंटरच्या कंपनीत जिलेट नावाचा एक सेल्समन होता. त्याला पेंटरने सल्ला दिला होता की एकदा वापरून फेकावी लागेल अशी वस्तू शोध. त्या सल्ल्यातून पुढे दाढीचं पातं निघालं. होय, तोच जिलेट.

१९३५ मध्ये बियर पत्र्याच्या डब्यात विकायला सुरुवात झाली. डबा न फुटणारा, हलका, एकावर एक रचता येणारा. फक्त उघडायला टोकदार ओपनर लागायचा. आणि इथे डेटन येतं.

१९५९ मध्ये डेटनचा अर्मल फ्रेझ कुटुंबाबरोबर सहलीला गेला आणि ओपनर घरी विसरला. शेवटी गाडीच्या बंपरवर आपटून डबे उघडले. असं आपलं सगळ्यांचंच होतं. आपण शिव्या घालतो, घरी येतो आणि विसरतो. फ्रेझचा धातूकामाच्या हत्यारांचा कारखाना होता, त्यामुळे तो विसरला नाही. एका रात्री झोप येईना म्हणून तळघरात जाऊन बसला आणि खटपट करत राहिला.

झाकणालाच कडी लावायची हे सुचायला सोपं आहे. पण कडी जोडायची कशी? रिव्हेट मारायचा तर झाकणाला भोक पाडावं लागणार. भोक पाडलं की गॅस गळणार. दीडशे वर्षांचा तोच प्रश्न! फ्रेझने झाकणाच्याच धातूला दाबून एक उंचवटा काढला आणि तोच रिव्हेट म्हणून कडीवर चेपून बसवला. भोक नाहीच, तर गळेल कुठून? पिट्सबर्गच्या एका बियर कंपनीने १९६२ मध्ये हे डबे बाजारात आणले आणि बघता बघता ते सगळीकडे झाले.

पण गंमत अशी की त्या काळी ती कडी पूर्ण उपटून हातात यायची. मग लोक ती फेकायचे. बागेत, समुद्रकिनाऱ्यावर, कुठेही. माणसांचे पाय कापले, जनावरांच्या पोटात गेल्या. डब्याच्या तोंडाची अडचण मिटली आणि ती वाळूत जाऊन पडली. १९७५ मध्ये डॅनियल कडझिकने डब्यालाच चिकटून राहणारी कडी काढली तेव्हा हे थांबलं. बाबांनी ओढली ती ही कडी.

* * *

दुसरी गोष्ट पाण्याची. हीसुद्धा त्याच गॅसची आहे बरं का.

आमच्या घरी तांब्याचा बंब होता. विहिरीचं पाणी. दर दिवाळीआधी बाबा बंब उपडा करून आतला पांढरा थर ठोकून ठोकून काढायचे. खापऱ्या निघायच्या अक्षरशः. "जड पाणी आहे," एवढंच स्पष्टीकरण. शाळेच्या पुस्तकात त्यालाच 'दुष्फेन' म्हणायचे, म्हणजे साबणाला फेस न येणारं.

हा थर येतो कुठून? पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. म्हणजे जमिनीखालचं पाणी हा एक अगदी पातळ सोडाच असतो! हा सोडा मातीतली चुनखड विरघळवतो. जोवर गॅस पाण्यात आहे तोवर चुनाही विरघळलेला राहतो. पाणी तापवलं की गॅस उडून जातो आणि चुना एकटा पडतो, तो भांड्याला जाऊन चिकटतो. बंबातला थर म्हणजे थोडक्यात गॅस गेलेल्या सोड्याचा गाळ.

घरच्या बंबात हे चालून जातं, पण वाफेच्या बॉयलरमध्ये नाही. थर उष्णता अडवतो, कोळसा जास्त जळतो. त्याहून वाईट म्हणजे थराखालचं लोखंड पाण्याच्या स्पर्शाशिवाय तापत राहतं, मऊ पडतं आणि एक दिवस फुटतं. एकोणिसाव्या शतकात सगळं जग वाफेवर चालत होतं. तेव्हा हा प्रश्न जिवावरचा होता.

उत्तर सापडलं स्कॉटलंडमध्ये. अ‍ॅबर्डीनच्या थॉमस क्लार्कने १८४१ मध्ये पेटंट घेतलं आणि त्याची युक्ती ऐकून कुणालाही वाटेल की या माणसाचं डोकं फिरलंय. पाण्यातला चुना काढायचा असेल तर पाण्यात चुना घाला! काट्याने काटा काढायचा. चुन्याची निवळी पाण्यातल्या त्या गॅसला पकडते. गॅस गेला की आधीचा चुनाही निराधार होतो आणि नवा चुनाही. दोघे मिळून पांढरा गाळ होऊन तळाशी बसतात आणि वर राहतं मऊ पाणी.

पेयांच्या कारखान्यांनी हीच पद्धत उचलली. त्यांची अडचण फक्त थराची नव्हती. जड पाण्यातला अल्कधर्मी भाग पेयातलं आम्ल मारून टाकतो. लिंबाच्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहा, आंबटपणा कसा बसतो ते कळेल. एकच चव दर गावात तशीच हवी असेल तर दर गावचं पाणी आधी एकसारखं करून घ्यावं लागतं. म्हणून चुना, मग क्लोरीन, मग वाळूची गाळणी, मग कोळशाची गाळणी. बाटलीबंद चवीचं गुपित म्हणून लोक फॉर्म्युल्याच्या गोष्टी सांगतात, पण अर्धं काम या पाण्यानेच केलेलं असतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या रॉबर्ट गान्सने दुसरी पद्धत आणली. झिओलाइटचे दाणे पाण्यातलं कॅल्शियम स्वतःकडे घेतात आणि बदल्यात सोडियम देतात. दाणे थकले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, पुन्हा ताजे. पुण्यातल्या सोसायट्यांच्या बोअरवेलपाशी मिठाची पोती का पडलेली असतात हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्यासाठी ही माहिती. :) दाणे आता कृत्रिम रेझिनचे असतात, तत्त्व तेच. आणि साधारण १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी उपयोगी पडेल असा आर.ओ. चा पडदा तयार केला. सौरीराजन आपले, भारतातले.

डेटनचं पाणीही जमिनीखालून येतं, चुनखडीच्या मुलुखातून. नगरपालिका ते चुन्याने मऊ करूनच नळाला सोडते. मग तो गाळ? ढीगच्या ढीग साचणार. डेटनने त्याचा एक झकास उपाय केला. गाळ वाळवून भट्टीत भाजायचा, की पुन्हा चुना तयार. कागदावर हिशेब मांडला तर एक माप चुना घालून दोन मापं चुन्याचा गाळ मिळतो, कारण पाण्यातलाही त्यात येतो. घातला त्यापेक्षा जास्त चुना परत! हे वाचून मी खुर्चीतच टाळी वाजवली होती.

मग रसायनशास्त्र आठवलं. गाळ भाजताना त्यातून काय सुटतं? तोच कार्बन डायऑक्साइड. पाण्यातून पकडलेला गॅस धुराड्यातून आभाळात. इथेही गळती मिटली नाही, हलली. आपल्या स्वयंपाकघरातल्या आर.ओ. चंही तेच. शुद्ध पाणी घागरीत आणि नाकारलेलं पाणी बारीक नळीतून मोरीत.

* * *

आता गल्ला.

आपल्याकडे फसवण्याला चुना लावणं म्हणतात. डेटनमध्ये जेम्स रिटी नावाचा एक दारूचा गुत्ता चालवणारा होता. गुत्ता तुडुंब भरलेला आणि नफा मात्र शून्य. काउंटरवरचे नोकर रोज त्याला चुना लावत होते. वैतागून तो १८७८ मध्ये युरोपच्या प्रवासाला निघाला. जहाजाच्या इंजिनखोलीत त्याला एक यंत्र दिसलं. ते पंख्याचे फेरे आपोआप मोजत होतं. रिटीच्या मनात आलं, फेरे मोजता येतात तर विक्री का नाही?

१८७९ मध्ये भाऊ जॉनबरोबर त्याने पेटंट घेतलं. यंत्राचं नाव ठेवलं 'इन्करप्टिबल कॅशियर', म्हणजे कधीच हात न मारणारा कॅशियर. नावातच नोकरांविषयीचं मत आलं! पहिलं यंत्र घड्याळासारखं दिसायचं. एक काटा डॉलरचा, एक सेंटचा. खण आणि घंटी नंतर आली. खण उघडला की घंटी वाजायची, म्हणजे मागच्या खोलीत बसलेल्या मालकालाही कळावं.

रिटीला धंदा जमला नाही. त्याने तो विकून टाकला. १८८४ मध्ये तो जॉन पॅटरसनकडे आला. पॅटरसन स्वतः दुकानातल्या गळतीने पोळलेला होता आणि ही यंत्रं वापरून सावरला होता. त्याने कंपनीला नाव दिलं नॅशनल कॅश रजिस्टर, एन.सी.आर. विकताना सांगायचा मुद्दा त्याने बदलला. तुमचा नोकर चोर आहे म्हणून हे यंत्र घ्या, असं नाही. प्रामाणिक नोकरावर उगाच संशय येऊ नये म्हणून घ्या. शब्द फिरवला की वस्तू खपते, हे आमच्या प्रीसेल्सवाल्यांना सांगायला नको.

मग आली छापील पावती. नोकराने पैसे घेऊन बटण दाबलंच नाही तर? म्हणून गिऱ्हाइकाला पावती मागायची सवय लावली. गिऱ्हाईक पावती मागणार, पावतीसाठी बटण दाबावं लागणार, बटण दाबलं की नोंद होणार. गिऱ्हाइकालाच पहारेकरी बसवलं. कॉडच्या गोटीचीच युक्ती ही!

पॅटरसन साधा माणूस नव्हता. प्रतिस्पर्ध्यांना चिरडल्याबद्दल १९१३ च्या फेब्रुवारीत त्याला आणि त्याच्या अधिकाऱ्यांना मक्तेदारीच्या खटल्यात शिक्षा झाली. पुढच्याच महिन्यात डेटनला प्रचंड पूर आला. या माणसाने कारखान्यात होड्या बनवल्या आणि हजारो लोकांना आसरा दिला. गावाचा हिरो झाला. १९१५ मध्ये अपिलात ती शिक्षा रद्द ठरली. त्याच खटल्यातला एक आरोपी होता टॉमस वॉटसन. पॅटरसनने त्याला कंपनीतून काढून टाकलं. १९१४ मध्ये वॉटसनने दुसरी एक कंपनी चालवायला घेतली. १९२४ मध्ये तिचं नाव झालं आय.बी.एम.

आता साठ वर्षं पुढे जाऊ. डेटनच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर ट्रॉय नावाचं गाव आहे. २६ जून १९७४ रोजी सकाळी तिथल्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं एक पाकीट काचेवरून सरकवलं गेलं. किंमत ६७ सेंट. बारकोड वाचून झालेली दुकानातली ती पहिली विक्री. बारकोडची मूळ कल्पना नॉर्मन वुडलंडची. १९४९ मध्ये मायामीच्या वाळूत बोटांनी रेघा ओढताना त्याला ती सुचली आणि बर्नार्ड सिल्व्हरबरोबर १९५२ मध्ये पेटंट मिळालं. ट्रॉयला वाचलेल्या रेषांची आखणी केली होती आय.बी.एम.च्या जॉर्ज लॉररने आणि दुकानातली यंत्रणा होती एन.सी.आर.ची. वॉटसनच्या कंपनीने आखलेल्या रेषा, त्याला हाकलणाऱ्या कंपनीच्या यंत्रावर!

इथपर्यंत सगळी नजर नोकरावर आणि मालावर होती. यंत्राला कळायचं की च्युइंगगम विकलं गेलं. कुणी घेतलं हे कळत नव्हतं. ती उणीव कार्डाने भरून काढली. ब्रिटनमधल्या टेस्कोने १९९५ मध्ये क्लबकार्ड देशभर आणलं. थोडी सूट घ्या आणि त्या बदल्यात आम्हाला तुम्ही कोण ते सांगा. आधीच्या चाचण्यांचे निकाल पाहून टेस्कोचे अध्यक्ष म्हणाले होते म्हणे, की आपल्या गिऱ्हाइकांबद्दल आपल्याला तीस वर्षांत कळलं नाही ते या लोकांना तीन महिन्यांत कळलं.

आपल्याकडे कार्ड काढायची भानगडच नको. मोबाईल नंबर हेच कार्ड.

एन.सी.आर.ने २००९ मध्ये डेटन सोडून जॉर्जियाला जायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये कंपनीचे दोन तुकडे झाले. गल्ल्याच्या गावातून गल्ला गेला. त्याने लावलेली सवय मात्र जगभर राहिली.

* * *

आता जे सांगायचं होतं आणि टाळत होतो ते.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या सिस्टीममध्ये एक बग शोधत होतो. त्यासाठी एका गिऱ्हाइकाच्या नोंदी उघडल्या. नाव नव्हतं, नुसता आकडा. कित्येक वर्षं दर शुक्रवारी खरेदी. दोन प्रकारची बिस्किटं, एक गोडाची आणि एक बिनसाखरेची. दोन प्रकारचं दूध. मग मध्ये तीन आठवडे काहीच नाही. त्यानंतर पुन्हा दर शुक्रवारी खरेदी, पण निम्मी. बिनसाखरेची बिस्किटं बंद. एकच दूध.

आमच्या प्रोग्रॅमने तिथे काय लिहिलं होतं? 'ग्राहकाचा खर्च घटला. प्रतिस्पर्धी दुकानाकडे वळल्याची शक्यता.' आणि त्याने आपोआप कूपन पाठवलं होतं. बिनसाखरेच्या बिस्किटांवर सूट.

कोड बरोबर होता. बग दुसरीकडेच होता, तो मी संध्याकाळपर्यंत दुरुस्तही केला. पण त्या रात्री जेवण गेलं नाही. ते कूपन कुणाच्या तरी हातात पडलं असणार. आणि त्या घरात काय झालं असावं हे मला, सात समुद्रापलीकडे बसलेल्या माणसाला, दिसलं होतं. त्या घरातल्या माणसाला मात्र मी आहे हेसुद्धा माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, किराणावाला तरी दुसरं काय करायचा? खरंय. बाबांना गावातल्या प्रत्येक घराची खबर असायची. कुणाकडे साखर वाढली म्हणजे कार्य आहे, कुणाकडे चहापूड सुट्टी न्यायला लागले म्हणजे हात तंग आहे. पण बाबांना जेवढं गावाबद्दल कळायचं तेवढंच गावाला बाबांबद्दल कळायचं. वजनात मारतात का, कुणाला उधारी नाकारली, घरात भांडण कशावरून झालं, सगळं. नजर दोन्हीकडून होती. रिटीच्या यंत्राने ती एका बाजूची केली, आधी नोकरासाठी आणि मग आपल्या सगळ्यांसाठी. गल्ल्यातली गळती बंद झाली खरी. आता गळतोय तो आपल्या घरातला तपशील, रोज थोडा थोडा, 'बिलाला लागतो' म्हणत.

बाबांचं म्हणणं कायद्याच्या जवळही आहे बरं का. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना कळवलं होतं की मोबाईल नंबरसाठी सक्ती करू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक डेटाचा कायदाही संसदेत मंजूर झाला. रांगेत मागे माणसं ताटकळत असताना हे कुणाला आठवतं, हा भाग वेगळा. मला तरी कुठे आठवलं? मी तर नंबर सांगून मोकळा झालो.

त्या बिस्किटांच्या प्रकारानंतर मी टीममध्ये एक सूचना टाकली होती. खरेदी अशी एकदम निम्म्यावर आली तर कूपन पाठवू नये, काही महिने गप्प बसावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगला मुद्दा आहे म्हणाले. ती सूचना आजतागायत बॅकलॉगमध्ये आहे.

परवा बाकावर बसून हे सगळं बाबांना सांगितलं. पहिल्यांदाच. डेटन, रिटी, ती बिस्किटं, माझं नेमकं काम. ते ऐकत राहिले. कॅन संपला होता. मी विचारलं, "बाबा, दुकान बंद केलंत तेव्हा उधारीच्या वह्या काय केल्या हो? रद्दीत?"

"रद्दीत कशाला? बंबात घातल्या."

"आणि वसुली?"

"ज्यांना द्यायचे होते त्यांनी आणून दिले. बाकीच्यांचं काय... कोण कुठल्या महिन्यात अडलं होतं ते सगळं होतं रे त्यात. रद्दीवाला भेळवाल्याला विकणार. उद्या गावात कुणाच्या हातात कुणाची गोष्ट जायची."

चार दिवस पाणी तापलं म्हणाले त्यावर.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर ते तिकीट पुन्हा वर काढलंय. बघू काय होतं ते. आणि हो, पुढच्या वेळी काउंटरवर नंबर द्यायचा नाही असं ठरवलंय. रांगेत मागे तुम्ही असलात तर जरा दम धरा.